पाणी गेलं की निघायचं, कळांची वाट पाहायची नाही

बाळ झालं, नाळ कापली, वार पडली की घरच्यांचं सगळं लक्ष बाळाकडे जातं. माझं लक्ष ट्रेमधल्या वारेकडे असायचं. परतवाड्यात बाळंतपणाच्या खोलीत माझी २८ वर्षं गेली आणि वार तपासल्याशिवाय मी हातमोजे कधी काढले नाहीत. एका हातानं नाळ धरून वार वर उचलली की खाली पातळ पडद्यांची ओली झोळी लोंबते. हीच ती पाणमोट. बाळ जिथून बाहेर आलं ते भोक तिच्यात दिसतं. भोकाच्या कडा जुळवून पाहायच्या, झोळी पुरी भरते ना, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे बघायचं. मग काठाशी अंगठा घालून आतला पडदा बाहेरच्या पडद्यापासून सोडवायचा. तो अलगद सुटत सुटत थेट नाळेच्या मुळापर्यंत जातो.

नवीन शिकायला आलेल्या मुलींना मी हे दोन्ही पडदे मुद्दाम हातात द्यायची आणि म्हणायची, ओढून बघ. बाहेरचा पडदा जाड, पण विरविरीत, चिमटीत धरून ताणला की लगेच फाटतो. आतला पडदा इतका पातळ की खालचं बोट आरपार दिसतं. जाडीला मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. पण ओढला तर ताणतो, चकाकतो आणि सहजी फाटत नाही. त्याच्यात ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. पाणमोटेची खरी ताकद मात्र याच पडद्यात असते. डॉक्टर त्याला अॅम्निऑन म्हणतात आणि बाहेरच्याला कोरिऑन.

हा पडदा वेळेआधी फुटला तर काय करायचं आणि तो वेळेआधी फुटू नये म्हणून हातात काय असतं, हे मला सांगायचं आहे. आपल्या अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव भागात आणि वर मेळघाटात मी किती बायका पाहिल्या असतील, ज्यांचं पाणी काल सकाळी गेलं आणि दवाखान्यात त्या आज संध्याकाळी आल्या. कारण प्रत्येकीचं एकच, कळा नव्हत्या.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. आठवा महिना लागलेली पहिलटकरीण, लुगड्याचा काठ ओला, अंगात ताप, बरोबर सासू. मी विचारलं, पाणी कधीपासून जातंय? सासू म्हणाली, "परवा रातीपासून जाते सिस्टर. पण कळाच नोत्या, तं कायले घाई करा म्हटलं." आणि लगेच सुनेकडे पाहून, "हिनंच घागर उचलली. नाई म्हटलं तरी आयकत नाई." मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला तापापेक्षा त्या वाक्याचा चटका जास्त लागला होता. बाळ त्याच रात्री झालं, जंतुसंसर्ग झालेलं. ते अमरावतीला नवजात शिशू कक्षात वीस दिवस राहिलं आणि मग घरी गेलं. वाचलं. पण ते वीस दिवस त्या घरानं कसे काढले ते मी पाहिलं आहे.

सासूच्या दोन वाक्यांत दोन चुका होत्या. आधी दुसरी घेते, कारण ती जास्त बायकांच्या वाट्याला येते.

घागर उचलल्यानं पाणमोट फुटत नाही. एसटीच्या धक्क्यानं नाही, जिना चढल्यानं नाही, हात वर करून कपडे वाळत घातल्यानंही नाही. पोटावर थेट जोराचा मार बसला, गाडीचा अपघात झाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पाणी गेलं नसलं तरी दवाखाना गाठायचा. धडधाकट पडदा मात्र रोजच्या कामानं फाटत नाही. तो फाटतो तेव्हा त्याच्या आधी कित्येक दिवस तो आतून झिजत आलेला असतो.

ही झीज कशी होते ते वऱ्हाडातल्या माणसाला कापसावरून लगेच कळेल. पेळू हातात घेऊन ओढला तर कापूस सुटून येतो. त्याच पेळूला पीळ देऊन सूत काढलं आणि सुताची दोरी वळली की ती बैल बांधायला चालते. कापूस तोच, ताकद पिळाची. आतल्या पडद्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात आणि ते एकमेकांना आडवेतिडवे बांधलेले असतात. सगळी ताकद या बांधणीची. बाहेरचा पडदा आणि आतला पडदा यांच्यामध्ये लिबलिबीत थर असतो, त्यामुळे बाळ वळलं, लाथ मारली की दोन्ही पडदे एकमेकांवरून सरकतात आणि ताण एका जागी साचत नाही.

दिवस भरत आले की शरीर स्वतःच ही बांधणी सैल करायला लागतं. कोलॅजेन कापणारी विकरं वाढतात, काही पेशी मरतात, दोन पडदे एकमेकांपासून सुटू लागतात. हे सगळं पिशवीभर सारखं होत नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथल्या संशोधकांनी बाळंतपणानंतरचे पडदे तुकड्या-तुकड्यानं ताणून पाहिले, तेव्हा गर्भाशयाच्या तोंडावर जो भाग टेकलेला असतो तिथे एक अशक्त पट्टा सापडला. त्या जागेची ताकद बाकीच्या पडद्याच्या जवळपास निम्मी होती. ताण वाढत गेला की आधी बाहेरचा पडदा जातो, आतला फुग्यासारखा पुढे येतो आणि शेवटी तोही फुटतो. सायकलचा टायर एका जागी चिरला तर ट्यूब तिथूनच फुगून बाहेर डोकावते ना, तसंच. गर्भाशयाचं तोंड उघडायला लागलं की पडद्यामागचा आधार तेवढ्या जागी निघून जातो.

म्हणजे पाणमोट फुटणं हे शरीरानं ठरवलेलं काम आहे. दिवस भरल्यावर झालं तर ते योग्यच. शंभरातल्या साधारण आठ बायकांचं पाणी दिवस भरल्यावर, पण कळा सुरू व्हायच्या आधी जातं. त्यातल्या बहुतेकींना एक-दोन दिवसांत आपोआप कळा लागतात. अडचण होते ती ३७ आठवड्यांच्या आत फुटलं तर. शंभरातल्या दोन-तीन बायकांना हे भोगावं लागतं आणि अपुऱ्या दिवसांच्या दर तीन बाळंतपणांपैकी जवळजवळ एक यातूनच होतं. तेव्हा तिला "तू काय उचललं" असं कोणीही विचारू नये. मी हे सासवांना तोंडावर सांगितलं आहे आणि इथेही सांगते. त्या प्रश्नाचा उपयोग शून्य, आणि ती पोरगी पुढच्या खेपेला पाणी गेलं तरी भीतीपोटी सांगत नाही.

हे पाणीच आहे का?

आता सासूची पहिली चूक, कळा नाहीत म्हणून थांबायची. कळा नसल्या तरी पाणी गेलं की निघायचं, आणि त्यासाठी ते ओळखता यायला हवं. पाणमोट दर वेळी भसकन फुटत नाही. कधी वरच्या बाजूला बारीक चीर पडते आणि थेंब थेंब ओल येत राहते. बाईला वाटतं, लघवी सुटते आहे. शेवटच्या महिन्यांत तसं होतंही. किंवा वाटतं, नेहमीसारखं पांढरं जातंय.

ओळखायचं असं. लघवी करून यायचं, म्हणजे मूत्राशय रिकामं. स्वच्छ, कोरड्या, पांढऱ्या सुती कापडाची घडी किंवा पॅड लावायचा, अर्धा तास कुशीवर पडायचं आणि मग उठून उभं राहायचं. उठताना एकदम पाणी आलं, लघवी आवरतो तसं आवरून आवरलं नाही, कापड पाण्यासारखं ओलं झालं आणि लघवीचा वास आला नाही, तर ती पाणमोट समजायची. पांढरं जाणं चिकट असतं, कापडावर वाळून कडक होतं. पाणी पसरतं. हे पाणी स्वच्छ किंवा किंचित पिवळसर असतं. हिरवट असेल तर बाळानं पोटातच शी केली आहे, लाल असेल तर रक्तस्राव आहे, दुर्गंधी असेल तर आत जंतू शिरले आहेत. या तिन्हींत अर्धा तासही थांबायचं नाही. आणि ज्यांच्या गावाहून गाडी मिळायलाच तास लागतो त्यांनी ही परीक्षा गाडी येईपर्यंत करावी, गाडी मागवायला थांबू नये.

शंका राहिली तरी या. "उगाच आली" असं म्हणून बाईला परत पाठवणारी सिस्टर चूक करते. दवाखान्यात निर्जंतुक उपकरणानं आत पाहिलं की पाणी साचलेलं डोळ्यांना दिसतं. लिटमससारखा कागद लावतात. योनीतला ओलावा आम्लधर्मी असतो, गर्भजल थोडं अल्कधर्मी, म्हणून कागद निळा होतो. अर्थात रक्त किंवा जंतुसंसर्ग असला तरी तो निळा होऊ शकतो. म्हणून थेंब काचेवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गर्भजल वाळलं की नेचाच्या पानासारखी नक्षी उमटते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दोन मिनिटं डोळा काढला नव्हता.

निघेपर्यंत आणि वाटेत

पाणी गेल्याची वेळ लिहून ठेवा. अंदाजानं सांगू नका. डॉक्टरांचा पुढचा प्रत्येक निर्णय, औषध कधी द्यायचं, किती तास वाट पाहायची, त्या वेळेवरून ठरतो. "जेवणं झाल्यावर" आणि "रात्री साडेनऊ" यात आमच्यासाठी फार फरक आहे.

आत काहीही घालायचं नाही. बोळा नाही, तेल नाही, कोणाचं बोटही नाही. गावातल्या दाईनं कितीही बाळंतपणं केलेली असोत, पाणी गेल्यावर तिनं आतून तपासू नये. पडदा होता तोवर जंतूंना अडवणारी भिंत होती. आता ती पडली आहे आणि प्रत्येक तपासणी खालचे जंतू वर नेते. मोठ्या दवाखान्यातसुद्धा कळा सुरू नसतील तर बोटानं तपासणं टाळतात. तुमच्या माणसाला उठसूठ कोणी तपासत असेल तर नम्रपणे विचारा, आत्ता गरज आहे का? हा तुमचा हक्क आहे. शरीरसंबंध नाही, नदीवर आंघोळ नाही. आणि गावात कोणी कळा येण्याचं इंजेक्शन टोचायला निघालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या इंजेक्शनची मात्रा चुकली तर गर्भाशय फाटतं, बाळ गुदमरतं. ते फक्त बाळाचे ठोके मोजायची आणि गरज पडली तर सिझर करायची सोय असेल तिथेच द्यायचं असतं.

गाडीत डाव्या कुशीवर झोपवा. पाणी प्यायला हरकत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, दोन-चार कोरडी कापडं बरोबर घ्या. पाण्याबरोबर नाळेचा वेढा खाली आला, मांड्यांमध्ये काही दोरीसारखं गुळगुळीत लागलं, तर ती सगळ्यांत मोठी घाई. नाळ आत ढकलायची नाही, हाताळायची नाही. बाईला गुडघे आणि छाती टेकवून, कंबर उंच करून ओणवं ठेवायचं आणि त्याच अवस्थेत न्यायचं. त्या अवस्थेत बाळाच्या डोक्याचा भार नाळेवर कमी पडतो.

गाडीसाठी १०८ आहेच. गरोदर बाई आणि आजारी बाळासाठी १०२ ची गाडीही मोफत असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे आणि त्यात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, जेवण, जायची-यायची गाडी, सगळं विनामूल्य आहे. पैशासाठी थांबलो असं मी ऐकलं की मला अजूनही वाईट वाटतं, कारण कोणीतरी त्या घरापर्यंत ही माहिती पोचवली नव्हती.

कुठे जायचं हे दिवसांवर ठरतं. दिवस भरलेले असतील, पाणी स्वच्छ असेल, तर अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जिथे नाव नोंदवलं आहे तो दवाखाना. दिवस भरायला अवकाश असेल तर बाळाला नवजात शिशू कक्ष लागू शकतो, म्हणून बाळाच्या फुप्फुसांसाठीचं पहिलं इंजेक्शन जवळच्या केंद्रात घेऊन पुढे अमरावतीचं डफरीन. अंजनगाव-अकोटकडच्या लोकांना अकोल्याचं लेडी हार्डिंग बरं पडतं. परतवाड्याहून अमरावती सुमारे ५० किलोमीटर, रस्ता बरा. चिखलदरा-धारणीकडून येणाऱ्यांचं मात्र तसं नाही. घटांगचा घाट, पावसाळ्यात वाहणारे नाले, मध्येच गायब होणारी रेंज. तिथल्या बायकांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर योजना आहे. बाळंतपणाच्या काही दिवस आधीच येऊन राहायचं, सोबत लहान मूल आणि नातेवाईकही राहू शकतो. ज्यांचं आधीच्या खेपेला पाणी लवकर गेलं होतं, ज्यांना जुळी आहेत, त्यांनी आशाताईशी बोलून हे आधीच ठरवून ठेवावं. गावच्या भूमकाला, म्हणजे वैदूला, विचारायचं असेल तर विचारा, त्याचा मान राखा, पण गाडी बोलावून झाल्यावर.

ते पहिलं इंजेक्शन

याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बाळाचा जीव बऱ्याचदा इथे वाचतो.

पोटात बाळाची फुप्फुसं सगळ्यांत शेवटी तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या दोन डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिलं की आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं लवकर पक्व होतात. आपल्या सरकारनं २०१४ साली यासाठी नियमावली काढली. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण होण्याची चिन्हं असतील तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, असे एकूण चार डोस. उपकेंद्रातली नर्सबाईसुद्धा पहिला डोस देऊन पुढे पाठवू शकते. औषध स्वस्त आहे, फ्रिज लागत नाही. गरीब देशांत याचा खरंच उपयोग होतो का, अशी शंका मध्यंतरी निघाली होती. मग जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांत मोठी चाचणी घेतली. आपल्या शेजारचं बेळगाव त्यात होतं. २०२० साली निकाल आला. औषध मिळालेल्या गटात २८ दिवसांच्या आत दगावलेली बाळं १९.६ टक्के, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली.

म्हणून दुसऱ्या दवाखान्यात पाठवतात तेव्हा निघताना एवढं विचारा: "बाळाच्या फुप्फुसाचं इंजेक्शन दिलं का? किती वाजता? चिठ्ठीवर लिहिलं का?" वेळ लिहिलेली नसेल तर पुढच्या दवाखान्यात एक तर डोस दुबार होतो, नाही तर चुकतो.

दुसरं औषध प्रतिजैविकाचं. २००१ साली इंग्लंडमधून साडेचार हजारांहून जास्त बायकांवरचा अभ्यास आला, त्यात अशा वेळी एरिथ्रोमायसिन बाळाला फायद्याचं ठरलं, तर दुसऱ्या एका नेहमीच्या प्रतिजैविकानं बाळाच्या आतड्यांचा गंभीर आजार वाढलेला दिसला. मेडिकलमधून आपल्या मनानं गोळी आणून देऊ नका, ती याच्यासाठी.

मग दवाखान्यात भरती करून ठेवतात आणि काहीच करत नाहीत, असं घरच्यांना वाटायला लागतं. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणतो, घरी नेतो. नेऊ नका. वाट पाहणं हाच उपचार आहे. चौतीस आठवड्यांच्या आत असेल, संसर्ग नसेल, बाळाचे ठोके चांगले असतील, तर पोटातला एकेक दिवस बाळाच्या कामी येतो. निम्म्याहून जास्त बायका तरीही आठवड्याभरात बाळंत होतात, पण तेवढ्यात इंजेक्शनाचं काम होऊन जातं. "पाणी गेलं, बाळ कोरडं पडलं" ही भीतीही मनातून काढा. गर्भजल ही एकदा भरलेली घागर नाही. बाळाची लघवी त्यात सतत मिसळते, म्हणून ते गळतं तसं भरतही राहतं. दिवस अगदी कमी असताना, चोवीस आठवड्यांच्या आत, पाणी गेलं तर मात्र फुप्फुसं वाढायलाच पाणी पुरत नाही. तो निर्णय अवघड असतो आणि मोठ्या दवाखान्यात, नवरा-बायकोनं एकत्र बसून, डॉक्टरांकडून सगळं नीट समजून घेऊन करायचा असतो.

भरती असताना बाईनं स्वतः लक्ष ठेवायचं ते असं: अंगात कणकण, पोट हात लावताच दुखणं, पाण्याला वास, छातीत धडधड, बाळाची हालचाल कमी. यातलं एकही जाणवलं की राउंडची वाट न पाहता सिस्टरला हाक मारायची.

झीज आधीच थांबवता येते का?

काही अंशी येते. सगळी नाही. जुळी असतील, पाणी जास्त झालं असेल, आधीच्या खेपेला असंच झालं असेल, गर्भाशयाचं तोंड आखूड असेल, तर आपल्या हातात फारसं नसतं. फुगा जितका मोठा तितका त्याच्या कातड्यावर ताण जास्त, हे जुळ्यांमागचं साधं कारण. तरी अशा बाईनं आधीचा इतिहास पहिल्याच भेटीत सांगितला तर तोंडाची लांबी सोनोग्राफीवर मोजतात आणि टाका घालण्याचा किंवा प्रोजेस्टेरॉन देण्याचा विचार होतो. पोटुशी असताना मधेच रक्त गेलं असेल तर तेही लपवू नका. थोडं गेलं, थांबलं, म्हणून सोडून दिलं जातं, पण साकळलेल्या रक्तामुळेही पडद्याची वीण सैल होते.

सगळ्यांत मोठं आणि आपल्या हातातलं कारण म्हणजे खालचा जंतुसंसर्ग. जंतू स्वतः कोलॅजेन खाणारे पदार्थ सोडतात, आणि त्यांच्याशी लढताना शरीर जे सोडतं त्यानंही पडदा झिजतो. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली लॅन्सेटमध्ये आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी आतली तपासणी झालेल्या फक्त आठ. आपल्या विदर्भातल्याच बायका त्या. आजही मी विचारलं की, बाई अंगावर जातं का, तर उत्तर येतं, "जाते थोडंसं, सगळ्यायचंच जाते." थोडंसं नाही. दह्यासारखं, हिरवट, माशासारखा वास येणारं, खाज येणारं, असं असेल तर दाखवायचं. लघवीची जळजळही तशीच. एप्रिल-मेमध्ये शेतात दिवसभर पाणी न पिता, आडोसा नाही म्हणून लघवी दाबून काम करणाऱ्या गरोदर बाईला ही जळजळ होतेच. लघवीची तपासणी विनामूल्य होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, तो दिवस चुकवू नका. नवऱ्यालाही औषध लागलं तर त्यानं ते लाजून टाळू नये. नाही तर तिचा आजार परत येतो.

दुसरं, तंबाखू. सिगारेट ओढणाऱ्या बायकांत पाणमोट लवकर फुटण्याचा धोका वाढतो हे पक्कं माहीत आहे. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, पण गुडाखू दाताला लावतात, खर्रा खातात आणि त्याला व्यसन समजत नाहीत. मुंबईत बिनधुराच्या तंबाखूवर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू लावणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि बाळंतपणंही काही दिवस आधी झाली. दिवस राहिले कळताच डबी दुसऱ्याच्या हातात द्यायची.

खाण्याचं विचाराल तर कोलॅजेनचे धागे पक्के बांधायला क जीवनसत्त्व लागतं. मेक्सिकोत २००५ साली गरोदर बायकांना रोज १०० मिलिग्रॅमची गोळी दिली तेव्हा पाणी लवकर जाण्याचं प्रमाण घटलं. पण पुढे जास्त मात्रेच्या गोळ्या ई जीवनसत्त्वासोबत दिल्या तेव्हा फायदा दिसला नाही, एका अभ्यासात तर उलटंच झालं. म्हणून मी गोळी सांगत नाही, फळ सांगते. संत्र्याच्या पट्ट्यात राहून आपल्या गरोदर बाईच्या हातात संत्रा पडत नाही, सगळा माल व्यापाऱ्याच्या गाडीत जातो. घरची दोन संत्री रोज तिच्यासाठी बाजूला काढा. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त, आवळ्यात त्याहून. मेळघाटात आवळा रानात मिळतो. त्याच्या जोडीला डाळ, अंडं, दूध, कारण धागा मुळात प्रथिनाचा.

आणि तारीख लिहून ठेवा. आमच्याकडे बाई सांगते, पोळ्यानंतर पाळी आली नाही. पोळ्यानंतर म्हणजे चार दिवसांनी की चाळीस? सदतीस आठवडे म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २५९ दिवस. त्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर दिवस भरलेत की नाही आणि कुठे जायचं ते ठरतं. पाळीची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा, आणि पहिली सोनोग्राफी तीन महिन्यांच्या आत करून घ्या. तेव्हाचं मोजमाप सगळ्यांत खरं असतं.

पाणी जाऊन बराच वेळ झालेल्या आईचं बाळ घरी आलं तरी महिनाभर डोळ्यात तेल घालून बघायचं. अंगावर प्यायला कुरकुर करतंय, पाय गार पडतायत, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेतंय, मलूल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर संसर्ग समजून त्याच तासाला न्यायचं. आशाताई घरी येते ती यासाठीच. तिला दारातून चहा देऊन पाठवू नका, बाळ उघडून दाखवा. वजन कमी असेल तर आईच्या, नाही तर बापाच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं.

या पडद्याची आणखी एक गोष्ट राहिली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. आईच्या संमतीनं मिळालेला आतला पडदा तिथे स्वच्छ करून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात आणि तो भाजलेल्या माणसाच्या जखमेवर घालतात. जखम झाकली जाते, पाणी आटत नाही, वेदना कमी होतात. बाळाला नऊ महिने जपलेला पडदा मग दुसऱ्या कोणाला तरी जपतो.

ती आठव्या महिन्यातली मुलगी तीन वर्षांनी परत आली. या खेपेला सासूनं नाही, नवऱ्यानं आणली होती, रात्री तीनच्या सुमारास, रिक्षातून. चौतिसावा आठवडा नुकताच लागला होता. कळा नव्हत्या. मी विचारायच्या आत तिनं डावा तळहात पुढे केला. त्याच्यावर बॉलपेननं लिहिलं होतं, २.१०. शाई घामानं थोडी फिसकटली होती. मी ती वेळ केसपेपरवर उतरवून घेतली आणि इंजेक्शन भरायला उठले.